मारुती ८०० मोटारीच्या पुढच्या चाकांचे संरेखन

पुढच्या चाकांचे संरेखन, म्हणजेच व्यवहारातील व्हील अलाइनमेंट, ही मोटारीची पुढची दोन चाके एकमेकांशी, मागच्या चाकांशी आणि रस्त्याच्या पृष्ठभागाशी ठरावीक कोनांत राहावीत यासाठी केली जाणारी जुळणी होय. मारुती ८०० या छोट्या मोटारीत या कोनांपैकी टो हा एकच कोन दुरुस्तीच्या वेळी बदलता येतो; कॅम्बर आणि कॅस्टर हे कोन सुट्या भागांच्या घडणीनेच ठरलेले असतात. त्यामुळे या मोटारीचे संरेखन हे मुख्यतः सांध्यांतील झीज शोधून ती दूर करण्याचे काम आहे. टाय रॉड फिरवून टो जुळविणे हा त्याचा अखेरचा आणि तुलनेने सोपा भाग होय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात व जिल्ह्यात या मोटारी अद्याप वापरात आहेत. तेथील रस्त्यांचे स्वरूप आणि पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची अट यांमुळे हा विषय या गाड्यांच्या मालकांच्या दृष्टीने केवळ टायर वाचविण्यापुरता राहत नाही.

पार्श्वभूमी

मारुती ८०० ची विक्री १४ डिसेंबर १९८३ रोजी सुरू झाली. सुझुकीच्या आराखड्यावर आधारलेल्या या मोटारीला तीन सिलिंडरांचे ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन असून इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. १९८६ मध्ये तिचे बाह्यरूप व सांगाडा बदलला आणि पुढे जवळजवळ तीन दशके तोच मूळ आराखडा कायम राहिला. १ एप्रिल २०१० पासून देशातील काही प्रमुख शहरांत भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक लागू झाले, तेव्हा तेथील ८०० ची विक्री थांबली. अशा शहरांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती; औरंगाबाद त्यांत नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत अशा शहरांबाहेर या मोटारीची नवी नोंदणी होत राहिली. त्यामुळे एमएच-२० या क्रमांकमालिकेत पस्तीस वर्षांच्या जुन्या गाड्यांबरोबर तुलनेने अलीकडच्या गाड्याही आढळतात.

या शहराला वाहननिर्मितीची परंपरा आहे. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, स्कोडाचा शेंद्रा येथील कारखाना २००१ मध्ये. त्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक लघुउद्योग वाळूज, चिकलठाणा आणि रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहतींत वाढले. २०१० मध्ये येथील ग्राहकांनी सुमारे दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी एकगठ्ठा खरेदी केल्या आणि ती बातमी देशभर गाजली. रोजच्या रस्त्यावरचे चित्र मात्र दुचाकी आणि जुन्या छोट्या मोटारींनीच भरलेले असते.

मूलभूत कोन

मोटार वरून पाहिली असता दोन्ही पुढच्या चाकांच्या पुढील कडा मागील कडांपेक्षा एकमेकींच्या अधिक जवळ असतील, तर त्या स्थितीस टो-इन म्हणतात. त्या अधिक दूर असतील तर टो-आउट. टो या शब्दाचा मूळ अर्थ पायाचे बोट असा आहे. चवडे आत किंवा बाहेर वळवून चालणाऱ्या माणसाची पावले डोळ्यांपुढे आणली, की दोन्ही स्थिती ध्यानात येतात.

मोटारीच्या समोर उभे राहून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून आत किंवा बाहेर जितके कलते, तो कॅम्बर होय. माथा बाहेर कललेला असल्यास कॅम्बर धन आणि आत कललेला असल्यास ऋण मानतात. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहिल्यास मागे किंवा पुढे किती कललेला आहे, हे कॅस्टरवरून कळते. सायकलचा पुढचा फोर्क तिरपा असल्यामुळे हँडलवरची पकड सैल केली तरी चाक सरळ राहू पाहते. मोटारीचे स्टेअरिंग वळणानंतर आपोआप मध्याकडे येते, त्यामागे मुख्यतः हाच कोन आणि स्टेअरिंग अक्षाचा आतल्या बाजूचा कल असतो.

वळण घेताना आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळावर चालते म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते. ही योजना मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्सपेर्गर याने ती १८१७ मध्ये घोडागाडीसाठी काढली आणि रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. पुढे ती आकरमानच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. हा फरक नकलच्या भुजांच्या आकारात व स्टेअरिंगच्या मांडणीत अंतर्भूत असल्याने तो वेगळा जुळवावा लागत नाही. परंतु दोन्ही बाजूंच्या टाय रॉडची लांबी असमान ठेवल्यास तो बिघडतो.

मारुती ८०० ची रचना

या मोटारीचे पुढचे सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे आहे. शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि स्प्रिंग यांचा मिळून एक उभा खांब असतो. त्याचे वरचे टोक बॉडीला आणि खालचे टोक नकलला जोडलेले असते. नकलच्या खाली बॉल जॉइंट आणि त्याला धरणारा एक लोअर आर्म असतो. लोअर आर्म आडव्या दिशेने चाकाला धरून ठेवतो, तर पुढे-मागे धरून ठेवण्याचे काम स्टॅबिलायझर बार करतो. हा बार एरवी वळणावर गाडीचे कलणे कमी करण्यासाठी असतो. येथे तोच चाकाची पुढे-मागे जागाही ठरवितो. ही काटकसर हलक्या गाडीला शोभणारी आहे, पण तिचा एक परिणाम असा की बारच्या टोकाचे रबरी बुश झिजले की चाक ब्रेक लावताना मागे सरकते आणि कॅस्टर बदलतो. मोजणी उभ्या गाडीवर होत असल्याने हा बदल तिच्यात दिसत नाही.

स्टेअरिंग रॅक आणि पिनियन पद्धतीचे असून बहुसंख्य गाड्यांत त्याला पॉवरचे साहाय्य नाही. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड आणि त्यांच्या बाहेरील टोकांना टाय रॉड एंड असतात. टाय रॉडला आटे असून तो फिरविला की त्याची परिणामी लांबी कमी-जास्त होते आणि टो बदलतो. चेक नट ही लांबी पक्की धरून ठेवतो.

जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारींत चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म असत. अशा रचनेत कॅम्बर जुळविण्यास वाव राहतो. त्या गाड्यांवर हात बसलेल्या जुन्या कारागिरांना ८०० मध्ये जुळविण्याजोगे फारसे काही नसल्याचे प्रथम नवल वाटावे, असाच हा फरक आहे.

परिसरातील रस्ते

शहराचा परिसर दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. उत्तरेकडे वेरूळ व दौलताबादच्या बाजूला जमीन खडकाळ आणि मुरमाड, तर दक्षिणेकडे पैठणच्या दिशेने गोदावरीच्या खोऱ्यात काळी माती खोल होत जाते. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता कालांतराने लाटांसारखा वर-खाली होतो आणि कडेला खचतो. खचलेल्या कडेवरून चाक सतत उतरत-चढत राहिल्यास आघात उभा न राहता आडवा बसतो. तो आधी टाय रॉड एंडला आणि लोअर आर्मच्या बुशला जाणवतो.

शहरातील स्थिती वेगळी आहे. अनेक रस्ते काँक्रीटचे झाले असले तरी काँक्रीटच्या पट्ट्याची उंच कड, पेव्हर ब्लॉक बसविलेल्या बाजूपट्ट्या, मोजमाप नसलेले गतिरोधक आणि जलवाहिनीसाठी खोदून तात्पुरते बुजविलेले चर हे छोट्या चाकांना विशेष त्रासदायक ठरतात. ८०० च्या १४५/७० आर १२ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर असतो. खड्ड्याच्या रुंदीच्या मानाने चाक जितके लहान, तितके ते खड्ड्यात अधिक खोल उतरते. त्यामुळे मोठ्या चाकाची गाडी ज्या खड्ड्यावरून केवळ हिसका खाऊन जाते, त्यात ८०० चे रिम वाकू शकते.

हवामान कोरडे असल्यामुळे कोकणातील गाड्यांच्या तुलनेत येथील गाड्यांना गंज कमी लागतो. त्यामुळे स्ट्रटच्या वरच्या बैठकीचा पत्रा बहुधा शाबूत राहतो. रबर मात्र उन्हाने कडक होऊन तडकते. वर्षाला मोजकेच किलोमीटर चालणाऱ्या, उन्हात उभ्या असणाऱ्या गाड्यांचे बुश किलोमीटरच्या हिशेबापेक्षा फार आधी निकामी झालेले असतात.

बिघाडाची लक्षणे

संरेखन बिघडल्याची पहिली खूण बहुधा टायरवर उमटते. गॅरेजच्या भाषेत अशी गाडी टायर खाते. दोन्ही टायरांची बाहेरची बाजू झिजली असल्यास टो-इन अधिक असल्याचा, आणि आतली बाजू झिजली असल्यास टो-आउट असल्याचा संशय घेतात. टोमुळे होणारी झीज करवतीच्या दात्यांसारखी असते आणि ती डोळ्यांपेक्षा तळहाताला लवकर कळते. तळहात टायरच्या आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे फिरविताना खरखर लागत असेल आणि उलट दिशेने गुळगुळीत वाटत असेल, तर टो-इन जास्त आहे. याच्या उलट अनुभव आल्यास टो-आउट. एकाच बाजूची झीज गुळगुळीत असेल तर कॅम्बर बिघडलेला असण्याची शक्यता अधिक. दोन्ही कडा झिजून मध्यभाग शाबूत असणे हे हवा कमी ठेवल्याचे, आणि केवळ मध्यभाग झिजणे हे हवा जास्त भरल्याचे लक्षण होय. या दोहोंचा संरेखनाशी संबंध नाही. ठिकठिकाणी वाटीसारखे खड्डे पडले असल्यास शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि चाकाचा तोल तपासावा लागतो.

टोतील चुकीची किंमत साध्या हिशेबाने काढता येते. टायरच्या पुढच्या व मागच्या कडांमधील अंतरांत १० मिलिमीटरची चूक असेल, तर सरळ चालताना ती दोन्ही चाकांत निम्मी विभागली जाते, म्हणजे ५०८ मिलिमीटर व्यासाला प्रत्येकी ५ मिलिमीटर. हे प्रमाण जवळपास शंभरास एक इतके आहे. याचा अर्थ दर किलोमीटरमागे प्रत्येक चाक रस्त्यावर सुमारे १० मीटर आडवे घासत जाते. वाळूज ते शेंद्रा अशी रोजची ये-जा करणाऱ्या गाडीचा नवा टायर एका हंगामात संपणे या हिशेबात अशक्य नाही. शिवाय लहान टायरला एक किलोमीटर जाण्यासाठी सुमारे ६३० फेरे करावे लागतात. १५ इंची रिमच्या सामान्य टायरला साधारण ५१० पुरतात. झीज आणि उष्णता या दोन्ही बाबतींत लहान टायरला कमी सूट मिळते.

गाडी एका बाजूला ओढते, ही दुसरी नेहमीची तक्रार. तिच्यासाठी टो बदलण्याची रीत प्रचलित असली तरी ती बहुधा निष्फळ ठरते. टोतील चूक दोन्ही चाकांत समान वाटली जाते, म्हणून तिच्यामुळे गाडी सहसा ओढत नाही. ती सैल व भरकटल्यासारखी चालते, किंवा सरळ रस्त्यावर स्टेअरिंगचा आरा तिरपा राहतो. ओढण्याची कारणे अन्यत्र असतात: दोन टायरांतील असमान हवा, अडकलेला ब्रेक, दोन बाजूंच्या कॅम्बर किंवा कॅस्टरमधील तफावत, अथवा खुद्द टायरच्या आतील घडणीतील दोष. पुढचे दोन टायर परस्परांच्या जागी बदलून पाहिल्यास शेवटचे कारण लगेच उघड होते. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचाच. रस्त्याचा उतारही विचारात घ्यावा लागतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच ठेवतात, त्यामुळे डावीकडून चालणारी निर्दोष गाडीही किंचित डावीकडे झुकते. चाचणीसाठी सपाट मोकळे मैदान निवडणे त्यामुळे श्रेयस्कर ठरते.

ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरणे हे संरेखनाचे नव्हे, तर चाकाचा तोल बिघडल्याचे लक्षण असते. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही कामे एकाच दुकानात, एकाच पावतीवर होत असल्याने दोहोंची गल्लत होते.

मोजणीपूर्वीची तपासणी

चालत्या गाडीत चाकांवर सतत परस्परविरोधी जोर येत असतात. रस्त्याचा रोध चाकांच्या पुढच्या कडा बाहेर लोटू पाहतो, तर पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळत असल्यामुळे वेग घेताना त्या आत येऊ पाहतात. सांधे घट्ट असतील तर या दोन्हींचा परिणाम नगण्य राहतो. ते सैल असतील तर उभ्या गाडीवर मोजलेला टो आणि धावत्या गाडीचा टो या दोन वेगळ्या गोष्टी होतात. म्हणून झिजलेल्या सांध्यांवर केलेले संरेखन, ते कितीही अचूक यंत्रावर केले तरी, निरर्थक असते. जुन्या ८०० च्या बाबतीत हाच टप्पा सर्वाधिक वेळ मागतो आणि घाईच्या दुकानांत नेमका हाच गाळला जातो.

गाडी सपाट जागी उभी करून प्रथम चारही टायरांतील हवा उत्पादकाने दिलेल्या दाबाएवढी करतात. पुढच्या दोन्ही टायरांचे माप व झीज सारखी असावी. डिकीतील जड सामान काढून ठेवतात. त्यानंतर पुढची बाजू जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते.

चाक वरून आणि खालून, म्हणजे घड्याळातील बारा व सहाच्या जागी धरून हलविल्यास लागणारी ढील हब बेअरिंग किंवा बॉल जॉइंटमधील असते. मदतनिसाने ब्रेक दाबून धरल्यावर ती नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, कायम राहिली तर बॉल जॉइंटचा. डावी-उजवीकडून, नऊ व तीनच्या जागी धरून हलविल्यावर लागणारी ढील टाय रॉड एंड किंवा रॅकमधील असते. अशा वेळी टाय रॉड एंडवर बोट ठेवून हालचाल नेमकी कोठे होते हे पाहतात. लोअर आर्मचे आणि स्टॅबिलायझर बारचे बुश पहारीने किंचित रेटून पाहावे लागतात, कारण तडकलेले रबर वरून शाबूत दिसू शकते. स्ट्रटच्या वरच्या टोकाचे बेअरिंग बिघडले असल्यास गाडी जमिनीवर असताना स्टेअरिंग फिरविल्यावर स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा आवाज येतो. रॅकचे रबरी बूट फाटलेले असतील तर आत धूळ शिरून रॅक झिजतो. मराठवाड्यातील उन्हाळी धूळ आणि पावसाळी चिखल यांत या कामाला फार महिने लागत नाहीत.

सदोष भाग बदलल्यानंतर गाडी खाली घेऊन पुढचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडतात आणि गाडी काही मीटर पुढे ढकलतात. उचललेल्या गाडीची चाके खाली टेकताना आडवी अडकतात. ती मोकळी होऊन आपल्या स्वाभाविक जागी येण्यासाठी हे आवश्यक असते.

टोची मोजणी

यंत्राविना टो मोजण्याची पद्धत जुनी असून योग्य काळजी घेतल्यास तिची अचूकता या मोटारीसाठी पुरेशी असते. चाक उचलून फिरविताना टायरच्या मध्यावर खडू लावून त्यावर स्थिर धरलेल्या खिळ्याने बारीक रेघ ओढतात. टायरच्या खाचा आणि रिम पूर्ण गोल असतातच असे नाही, म्हणून खाचेवरून मोजण्यापेक्षा ही रेघ विश्वासार्ह ठरते. गाडी खाली घेऊन, स्टेअरिंग सरळ ठेवून, हबच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या रेघांमधील मागच्या बाजूचे अंतर मोजतात. मध्ये इंजिनाचा तळ व एक्झॉस्ट येत असल्यामुळे टेप सरळ ताणता येत नाही. त्यासाठी लांब दांड्यावर दोन उभ्या सुया बसविलेली ट्रॅमल नावाची पट्टी वापरतात. लोखंडी पाइप आणि दोन अणकुचीदार सळ्या यांतून ती कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेता येते.

मागचे माप घेतल्यावर त्या ठिकाणी खूण करून गाडी चाकाचा अर्धा फेरा होईल इतकी, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर पुढे ढकलतात. मागच्या खुणा पुढे येतात आणि त्याच खुणांमधील अंतर पुन्हा मोजतात. एकाच जागेची दोन मापे घेतल्याने रिमच्या वाकडेपणाचा दोष आपोआप वजा होतो. मागच्या अंतरातून पुढचे अंतर वजा केल्यास येणारा फरक हा टो-इन. तो ऋण आल्यास टो-आउट. गाडी नेहमी पुढेच ढकलावी लागते, कारण मागे ढकलल्यास सांध्यांतील उरलीसुरली ढील उलट दिशेला जाते.

मिळालेला आकडा दुरुस्ती-पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहताना मोजण्याची जागा महत्त्वाची असते. तोच कोन रिमच्या कडेवर मोजल्यास मिलिमीटरांतील फरक टायरवरील फरकाच्या सुमारे दोन तृतीयांश भरतो. यंत्रावरील आकडे अंश व कलांत असतात. या टायरवर ३ मिलिमीटरचा एकूण टो म्हणजे प्रत्येक चाकाला सुमारे १० कला.

टो जुळविणे

टाय रॉडवरील चेक नटला आधी एक दिवस भेदक तेल लावून ठेवल्यास जुन्या गाडीवर पुष्कळ त्रास वाचतो. गंजलेल्या नटवर ओपन पान्याने जोर लावल्यास कडा गोल होतात. त्यानंतर उष्णता देण्यावाचून इलाज राहत नाही आणि उष्णतेने टाय रॉड एंडचे रबर जळते. नट सैल करताना टाय रॉड एंड दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा लागतो.

टाय रॉड फिरविण्यापूर्वी रॅकच्या बूटची बाहेरची क्लिप सैल करून बूट आणि टाय रॉड यांच्यामध्ये थोडे ग्रीस लावतात. असे न केल्यास बूट टाय रॉडबरोबर पिळला जातो आणि काही आठवड्यांत फाटतो. संरेखनानंतर महिन्याभरात रॅकमधून ग्रीस बाहेर येऊ लागण्यामागे अनेकदा ही हयगय असते.

टाय रॉड चाकांच्या मध्यरेषेमागे असतील, तर त्यांची लांबी वाढविल्यावर चाकांच्या मागच्या कडा बाहेर जातात आणि टो-इन वाढतो. पुढे असतील तर याच्या उलट होते. गाडीखाली पाहून हे आधी ठरवितात. हवा असलेला बदल दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा करतात आणि दोन्ही टाय रॉडवर उघडे राहिलेले आटे सारखे आहेत हे पाहतात. एकाच बाजूने पूर्ण बदल केल्यास टोचा आकडा बरोबर येतो, परंतु स्टेअरिंग तिरपे होते आणि डावीकडे व उजवीकडे वळण्याची मर्यादा असमान होते. तिरपे स्टेअरिंग खांबावरून उपसून सरळ बसविणे ही पळवाट आहे. तिने आरा सरळ दिसतो, पण रॅक मध्यावर येत नाही.

प्रत्येक बदलानंतर गाडी काही मीटर पुढे चालवून पुन्हा मोजावे लागते. आकडा सलग दोनदा मर्यादेत आला की चेक नट आवळतात, बूटची क्लिप बसवितात आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून चाक, ब्रेकचा होज व बूट कोठे अडत नाहीत याची खात्री करतात. आवळताना टाय रॉड फिरून आकडा बदलू शकतो, म्हणून शेवटचे माप नट आवळल्यानंतरचे असावे लागते.

कॅम्बर आणि कॅस्टर

या मोटारीत कॅम्बर किंवा कॅस्टर मर्यादेबाहेर आढळल्यास त्याचा अर्थ कोणता तरी भाग वाकला, झिजला किंवा सरकला आहे, एवढाच होतो. खड्ड्यात आदळल्यानंतर स्ट्रट, लोअर आर्म किंवा नकल वाकलेले असू शकते. अपघातानंतर बॉडीचा सांगाडाच सरकलेला असू शकतो. स्ट्रट आणि नकल यांना जोडणाऱ्या बोल्टांच्या भोकांत असलेल्या किंचित मोकळिकीचा उपयोग करून कॅम्बरमध्ये अल्प बदल साधता येतो. याहून अधिक बदलासाठी काही ठिकाणी जॅक आणि साखळी लावून स्ट्रट अथवा नकल थंड स्थितीतच वाकविण्याची पद्धत आहे. यंत्राच्या पडद्यावर आकडा हिरवा होतो. मात्र ताणलेल्या पोलादात सूक्ष्म तडा गेला किंवा शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा दांडा वाकला, तर तो पडद्यावर दिसत नाही. स्टेअरिंगशी संबंधित भाग वाकवून सरळ करण्याऐवजी बदलणे हाच सुरक्षित मार्ग आहे. ८०० चे सुटे भाग बाजारात अद्याप मिळतात, त्यामुळे वाकविण्याचे समर्थन खर्चाच्या मुद्द्यावरही फारसे टिकत नाही.

यंत्रावरील संरेखन

सध्याच्या दुकानांत चाकांवर संवेदक बसविणारी किंवा चाकांना परावर्तक फलक लावून कॅमेऱ्यांनी त्यांची स्थिती टिपणारी, थ्री-डी म्हणून ओळखली जाणारी यंत्रे असतात. मागच्या चाकांची दिशाही मोजली जाणे हा त्यांचा मुख्य फायदा. ८०० चे मागचे अ‍ॅक्सल सलग व कडक असून त्यात जुळविण्याची सोय नाही. पण त्याचे बुश झिजून ते तिरपे झाले असल्यास गाडी किंचित आडवी चालते आणि ती सरळ ठेवण्यासाठी स्टेअरिंग सतत वळलेले धरावे लागते. खडू आणि ट्रॅमलच्या पद्धतीत ही गोष्ट निसटते. दोन्ही बाजूंच्या चाकांलगत दोऱ्या ताणून ती पाहता येते, पण पुढच्या व मागच्या चाकांमधील आडव्या अंतरांतला फरक वजा करावा लागत असल्याने ते किचकट ठरते.

यंत्राची छापील प्रत, म्हणजे समायोजनापूर्वीचे आणि नंतरचे आकडे, मागून घेणे उपयुक्त असते. पूर्वीच्या आकड्यांत दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये मोठी तफावत असेल आणि नंतरच्या आकड्यांत ती कोणताही भाग न बदलता नाहीशी झालेली असेल, तर काहीतरी वाकविले गेले आहे किंवा मोजणी सदोष आहे, असे मानण्यास जागा राहते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत केली जाते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २०१३ मध्ये नोंदविलेल्या ८०० ला या तपासणीस २०२८ मध्ये सामोरे जावे लागेल. त्याहून जुन्या बहुतेक गाड्या एकदा किंवा अधिक वेळा तिच्यातून गेलेल्या आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टेअरिंग सुस्थितीत असावे लागते आणि स्टेअरिंग चाकावरील ढील ३० अंशांपेक्षा अधिक असू नये. स्टेअरिंगच्या जोडणीतील बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी संरक्षित असावेत, असेही हा नियम सांगतो. तीस अंशांची ही मर्यादा तशी सैल आहे. ८०० सारख्या रॅक-पिनियन गाडीत इतकी ढील येण्याच्या पुष्कळ आधी टायर खाल्ले जाऊ लागतात. नियम ९४ अन्वये मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. टो-आउटमुळे झिजणारी आतली कड उभ्या गाडीत बाहेरून दिसत नाही, त्यामुळे चांगला वाटणारा टायर या कसोटीवर नापास होऊ शकतो. वाहनांच्या स्वयंचलित चाचणी केंद्रांत साइड स्लिप मोजणारे उपकरणही असते. गाडी हळू वेगाने एका सरकत्या फळीवरून नेली जाते आणि चाक फळीला किती आडवे ढकलते हे दर किलोमीटरला मीटर या परिमाणात नोंदविले जाते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि छत्रपती संभाजीनगर त्यावर आले. काँक्रीटच्या या मार्गावर परिवहन विभागाने टायर तपासणीच्या मोहिमा राबविल्या असून घासलेल्या टायरांच्या वाहनांना परत पाठविले आहे. उन्हाळ्याच्या दुपारी १०० किलोमीटर वेगाने जाताना ८०० चे चाक मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते. त्या वेगात आतल्या कडेचा दोर उघडा पडलेला टायर किती टिकेल याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाआधी स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या दोन्ही टायरांची आतली बाजू पाहतात आणि तिच्यावरून हात फिरवून घेतात. त्यासाठी यंत्र लागत नाही.